गाजरगवत बघायला निघालो आणि किटचे आठशे रुपये पाण्यात गेले

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एका वस्तूचा नाहीये. यंदा पोरांना घेऊन तण बघायला जायचं ठरवलं आणि त्यासाठी जे जे सामान घेतलं त्या सगळ्याचा आहे, काही ऑनलाइन, काही ठाण्यात जांभळी नाक्याला आणि एक गोष्ट खास मुंबईला प्रिन्सेस स्ट्रीटला जाऊन. मी कळव्यात आठवी ते दहावीच्या सायन्सच्या शिकवण्या घेते. दरवर्षी पोरांना एकदा तरी बाहेर काढते, फुलपाखरं झाली, खाडीवरचे फ्लेमिंगो झाले, यंदा म्हटलं तण. एका पालकांनी ग्रुपवर लगेच विचारलं, "ताई, गवत बघायला येऊरच्या जंगलापर्यंत कशाला, आमच्या बिल्डिंगमागे भरपूर आहे." गंमत म्हणजे त्यांचं बरोबर होतं, गाजरगवताची पहिली चांगली जागा आम्हाला तशाच एका रिकाम्या प्लॉटवर मिळाली.

तर आधी फसवणुकीबद्दल. ऑनलाइन एक "नेचर एक्सप्लोरर किट" मिळतं, ७९९ रुपये, फोटोत गोड मुलगा टोपी घालून झाडाकडे बघतोय. आत काय, तर प्लास्टिकचं भिंग ज्यावर ६०एक्स, म्हणजे साठपट मोठं दाखवणारं, असं छापलंय, चिमटा, किडे ठेवायची डबी, लुटुपुटूची जाळी आणि ओळखायची कार्डं. कार्डांवरचे सगळे पक्षी-किडे अमेरिकेतले. आमच्या पोरांनी त्यातला लाल पक्षी कधी बघायचा, विमानातून का? आणि मी मूर्ख, मेमध्ये मागवून कपाटात ठेवलं, उघडलं जूनमध्ये, तोवर परत करायची मुदत संपलेली. तक्रार केली तर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देतो म्हणाले. नको रे बाबा.

आता ते ६०एक्स का खोटं ते सांगते, कारण यात पुष्कळ लोक फसतात. साध्या भिंगाचं मोठं करणं म्हणजे ढोबळमानाने २५ सेंटीमीटर भागिले नाभीय अंतर (भिंगापासून उन्हाचा ठिपका सगळ्यात बारीक पडतो तिथपर्यंतचं अंतर), दहावीच्या पुस्तकात भिंगांचा धडा आहेच. म्हणजे १०एक्सचं भिंग पानापासून अडीच सेंटीमीटरवर धरायचं. ६०एक्स खरंच असतं तर पान भिंगापासून चार मिलिमीटरवर आणायला लागलं असतं, तिथे ऊन पोचत नाही, हात थरथरला की सगळं गायब आणि भिंगही शर्टाच्या बटणापेक्षा लहान लागतं. किटातलं भिंग चांगलं पेल्याच्या बुडाएवढं होतं, म्हणजे जेमतेम ३एक्स असेल. पोरांना मी हे गणित फळ्यावर करायला लावलं, त्यामुळे ७९९ पैकी निदान शंभर वसूल झाले म्हणायचे.

शेवटी प्रिन्सेस स्ट्रीटला गेले, जिथे लॅबचं सामान मिळतं. स्टीलच्या घडीच्या कव्हरातलं, तीन काचा चिकटवलेलं १०एक्सचं भिंग ४५० ला, आणि पोरांसाठी एकाच काचेची साधी चार, प्रत्येकी १२० ला. फरक बघायचा तर पानाची कड बघा, साध्या भिंगात कडेला निळी-पिवळी झालर येते आणि चित्र वाकडं होतं, तीन काचांच्यात येत नाही. पण खरं सांगू का, पोरांना १२० वालं पुरतं. वापरायची रीत मात्र शिकवायला लागते, सगळे पहिल्यांदा डिटेक्टिव्हसारखं हात लांब करून धरतात. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि पान भिंगाजवळ आणायचं, उलटं नाही. आणि दोरी बांधून गळ्यात घालायला द्या. चारातलं एक भिंग अजून परत आलेलं नाही, कोणाकडे आहे ते मला माहितीये, त्याच्या आईलाही माहितीये.

भिंगाचं एवढं पुराण कशासाठी, तर तण ओळखणं हे अर्धंच काम आहे. गाजरगवत पाचवीतलं पोरगंही दाखवतं. खरी मजा ते खाऊन आटोक्यात ठेवायला मुद्दाम आणून सोडलेला किडा सापडण्यात आहे, आणि तो किडा, त्याची अंडी, त्याने खाल्लेल्या खुणा हे सगळं काही मिलिमीटरचं काम आहे.

पहिला रविवार जुलैमधला, खारेगावच्या बाजूचा रिकामा प्लॉट. आमच्याकडे गाजरगवत पुण्याकडच्याइतकं माजलेलं नाही पण रस्त्याच्या कडेला, रुळांशेजारी, बांधकामाच्या मातीवर असतंच. भारतात या तणाची गाजलेली नोंद १९५५ ची आणि तीसुद्धा पुण्यातली, बाहेरून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात, काँग्रेस गवत हे नावही त्याच काळातलं. त्याच्यावर मेक्सिकन भुंगेरा असतो, झायगोग्रामा बायकोलोराटा, १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणला, तपासण्या करून १९८४ मध्ये सोडला आणि तिथून तो पसरत गेला. साधारण सहा मिलिमीटर, मळकट पांढऱ्या पाठीवर काळपट तपकिरी वळणदार रेघा, कोणीतरी बॉलपेनने गिरगटल्यासारखा. मोठा भुंगेरा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पण पानाखालची अंडी नुसत्या डोळ्यांना केशरी धूळ वाटतात, आणि भिंगाखाली एकदम लांबट, चकचकीत, ओळीत ठेवल्यासारखी. त्या क्षणी पोरांची जी रांग लागली ना, ठाण्यातल्या मामलेदारच्या मिसळीला लागत नाही.

आता भुंगेऱ्याचाही रिव्ह्यू करतेच, आलोय तर. पाचपैकी तीन. एका कोपऱ्यात झाडांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, आणि रस्ता ओलांडून पलीकडे गाजरगवत छातीभर, फुलांनी पांढरं, एकही भुंगेरा नाही. कारण पाऊस पडला की गवत लगेच उगवतं आणि भुंगेरा जमिनीतून वर येऊन अंडी घालून पिल्लावळ वाढवेपर्यंत गवताची एक फळी बिया टाकून मोकळी झालेली असते. पाऊस संपला की हा पठ्ठ्या परत मातीत शिरून झोपतो. म्हणून ट्रिप जुलै ते सप्टेंबरमध्येच ठेवा. जानेवारीत गेलात तर गवत दिसेल, भुंगेरा दिसणार नाही, आणि पोरं म्हणतील ताई थापा मारतात.

तिथेच एका मुलीने तो प्रश्न विचारला जो मी रात्री वाचून ठेवला होता म्हणून बरं. "ताई, हे किडे हे गवत संपल्यावर आपलं काही खायला लागले तर?" तर त्यासाठीच सोडायच्या आधी किड्याला उपाशी ठेवून निरनिराळ्या पिकांवर तपासतात, खातो का, अंडी घालतो का, पिल्लं जगतात का. तरी कटकटी होतातच. या भुंगेऱ्यावरच सूर्यफुलाची पानं खाल्ल्याचा आळ आला होता आणि चौकशीपर्यंत प्रकरण गेलं होतं. घाणेरी या दुसऱ्या तणावरचा जाळीदार ढेकूण, टेलिओनेमिया, १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणला, आणि तपासणीत तो सागाच्या फुलांना तोंड लावतोय दिसल्यावर सोडायचं रद्द करून सगळा साठा मारून टाकला. पण काही त्याआधीच निसटलेले, आणि आज घाणेरीवर मजेत राहतायत. आणि सगळ्यात भारी गोष्ट निवडुंगाची, ती मी पोरांना बसमध्ये सांगितली. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंग देणारा किडा पाहिजे होता, ब्राझीलहून आणला, तो निघाला भलत्याच जातीचा, रंग काही धड देईना, पण फड्या निवडुंगाची एक जात मात्र त्याने साफ करत आणली. म्हणजे जगातलं तणावरचं पहिलं यशस्वी जैविक नियंत्रण आपल्याकडे झालं आणि तेही चुकून! पुढे दुसऱ्या जातीच्या निवडुंगासाठी १९२६ मध्ये सिलोनहून दुसरा किडा आणला तो मात्र जाणूनबुजून. पोरांना हे "चुकून" फारच आवडलं. एकाने दुसऱ्या दिवशी गृहपाठ चुकून घरी राहिला सांगितलं.

आता हातमोजे. इथे चूक माझी. गाजरगवताने कातडीला खाज येते, काहींना चट्टे उठतात, परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो, हे सगळं मी पालकांना लिहून पाठवलं, दमा असलेल्या एका मुलाला या ट्रिपला आणलंच नाही, पुढच्या खेपेला घेतलं. आणि स्वतः मात्र मनगटापर्यंतचे पातळ निळे मोजे आणि पाऊण बाह्यांचा कुर्ता. मोजा संपतो तिथून बाही सुरू होते तिथपर्यंत चार बोटं कातडी उघडी, बरोब्बर त्या पट्ट्यावर दुसऱ्या दिवशी लाल पुरळ, आठवडाभर बांगड्या घालता आल्या नाहीत. ते पातळ निळे मोजे घाणेरीच्या काट्यांना तर दोन मिनिटं टिकत नाहीत. जांभळी नाक्याला शेतीची अवजारं, ताडपत्र्या, बियाणं मिळतं त्या एका जुन्या दुकानात कोपरापर्यंतचे जाड रबरी मोजे मिळाले ९० रुपयांना जोडी, आणि घाणेरीसाठी चामड्याचा तळवा असलेले १४० ला. लहान मुलांच्या मापाचे मात्र नाहीत. सहावीतल्या पोराने घातले तर बोटांत आणखी एक पोरगं मावेल.

त्या दुकानाला पाचपैकी पाच देते आणि नाव देत नाही, कारण काकांनीच सांगितलं, नाव टाकू नका, मग लोक मोबाईलवर ऑनलाइनचा भाव दाखवून डोकं खातात. मी त्यांना बारा खुरपी मागितली. काका म्हणाले, "बाई, तण काढायला चाललात की बघायला?" म्हटलं बघायला. "मग खुरपी कशाला? दोन न्या, बारा नेलीत तर पोरं एकमेकांच्या पायावर मारतील." स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः कमी करणारा दुकानदार मी ठाण्यात फार वर्षांनी बघितला. आणि बरोबरच बोलले, कारण येऊरसारख्या नॅशनल पार्कच्या हद्दीत खुरपं चालवायचा प्रश्नच नाही, तणसुद्धा परवानगीशिवाय उपटता येत नाही. उपटायची हौस असेल तर आपल्या सोसायटीच्या आवारात, फुलं यायच्या आधी, मुळासकट.

गमबूट पण तिथलेच, ३८० ला. ते घेतले होते मार्चमध्ये, उल्हास नदीवर जलपर्णी बघायला कल्याणच्या बाजूला गेलो तेव्हा. ही ट्रिप पावसात करू नका, नदीला पाणी आल्यावर जलपर्णी वाहून जाते आणि काठावर उभं राहणंही धोक्याचं. मार्चमध्ये मात्र नदी आहे की क्रिकेटचं ग्राउंड कळत नाही. तिथल्या चिखलात गमबुटाला तोड नाही. आम्ही खोल पाण्याजवळ गेलोच नाही, काठाला लागलेल्या झुबक्यांवरच काम. जलपर्णीवर निओकेटिना नावाचे सोंडकिडे असतात, १९८० च्या दशकात आणून सोडलेले, दिवसा ते पानांच्या बेचक्यात दडून बसतात म्हणून दिसत नाहीत, पण पानावर छोटे छोटे खरवडलेले डाग असतात, हिरवा थर खाऊन फिकट चट्टा ठेवलेला. आम्हाला डाग भरपूर सापडले, किडा अख्ख्या सकाळीत एकच. मग पोरांनी विचारलं, किडे आहेत तर जलपर्णी का आहे? अरे, नदीत सांडपाणी सोडताय, म्हणजे तिला रोज खत घालताय, किडा खातो त्याच्या दुप्पट ती वाढते. त्यात मशीनने जलपर्णी काढली की तिच्याबरोबर किडेही काठावर सुकून मरतात. हेच किडे बंगळूरच्या काही तलावांत दोन-चार वर्षांत जलपर्णी आटोक्यात आणू शकले. त्यांना वेळ आणि मुक्काम दोन्ही लागतात.

तेच गमबूट घालून ऑगस्टमध्ये येऊरला गेले आणि ओल्या कातळावर दोनदा आपटले. तिथे पकड असलेले बूटच पाहिजेत. पण पकडवाल्या बुटांचा दुसरा घोळ, खाचांमध्ये चिखल बसतो आणि चिखलात बिया. म्हणजे तण बघायला जाऊन आपणच तण पसरवून यायचं! गाजरगवताची बी एवढीशी असते की तळव्याच्या एका खाचेत शेकड्यांनी मावेल. म्हणून सगळ्या खरेदीतली सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात कामाची ठरली, कपडे घासायचा तीस रुपयांचा ब्रश. खारेगावच्या प्लॉटवरून निघताना तिथेच बूट घासले, पँटच्या घड्या आणि पायमोज्यांचे काठ तपासले, गोखरूचे काटे काढून तिथेच टाकले. येऊरला जायच्या आधी घरी परत एकदा धुतले, कारण बाहेरची बी जंगलात नेणं हे आणखी वाईट. पोरं कंटाळली, पण एकाच्या बुटातून माती-बी आली चांगली वाटीभर, मग जरा सिरीयस झाली.

येऊरचं थोडक्यात सांगते. ठाणे स्टेशनवरून टीएमटीची, म्हणजे पालिकेची, बस मिळते, उजाडल्यावरच निघा, बिबट्याचं रान आहे ते. वनखात्याच्या गेटवर आधी विचारून परवानगी घेऊन ठेवा, पावसाळ्यात धबधब्यांकडे जाऊ देत नाहीत आणि ते बरंच आहे. आम्हाला घाणेरी गेटच्या अलीकडे रस्त्याच्या कडेलाच मिळाली. किटातल्या जाळीची काठी पहिल्या झटक्यात मोडली, मग आईची जुनी पांढरी छत्री उलटी उघडून फांदीखाली धरली आणि फांदी हळूच झटकली. छत्रीत कोळी, मुंग्या, आणि तीन-चार मिलिमीटरचे ते तपकिरी ढेकूण. नुसते बघितलेत तर कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही, भिंगाखाली बघितलेत तर पंख म्हणजे अक्षरशः क्रोशाची लेस. आमच्या एका पालक-आजी बरोबर होत्या, त्या भिंग सोडेचनात. वर त्यांनी टणटणीची, म्हणजे घाणेरीचीच, काळी फळं लहानपणी कशी खायचो ते सांगायला सुरुवात केली, मला घाईघाईने सांगायला लागलं की कच्ची फळं विषारी असतात, कोणी प्रयोग करू नका. बाकी या ढेकणाने घाणेरी संपते का, तर नाही, पानं खराब करतो, ती परत फुटते. रानमोडी या आणखी एका तणाच्या खोडावर गाठ आणणारी एक माशी इंडोनेशियातून आणून दक्षिणेकडे सोडलीय, म्हणून आम्ही रानमोडीची खोडं तपासत बसलो. एकही गाठ मिळाली नाही. सापडलं नाही हेसुद्धा वहीत लिहायचं, तारीख आणि जागेसकट.

वहीवरून आठवलं, वॉटरप्रूफ वही म्हणून २५० ची एक मिळते ती घेऊ नका, साधी वही झिपच्या पिशवीत आणि पेन्सिल. पेन पावसात रडतं. आयनॅचरलिस्टवर (झाडा-किड्यांच्या नोंदी टाकायचं ॲप) फोटो टाकायचे असतील तर पानाची खालची बाजू नक्की काढा आणि बाजूला पट्टी ठेवा, येऊरला नेटवर्क रडतखडतच असतं त्यामुळे अपलोड घरी येऊन.

एक राहिलंच, टाकळा. खारेगावच्या त्याच प्लॉटवर गाजरगवताच्या शेजारी टाकळा दाट उगवला होता आणि दोन पोरांनी उत्साहात तो उपटायला घेतला. अरे थांबा! टाकळ्याची तर पहिल्या पावसात भाजी होते, स्टेशनबाहेर बायका वाटे लावून विकतात. आणि दुसरं म्हणजे टाकळा दाटीने वाढला की गाजरगवताला जागा देत नाही, म्हणून गाजरगवताच्या जागी टाकळ्याचं बी मुद्दाम पेरायला सांगतात. किडा आणायला नको, परवानगी नको, फुकटचा शेजारी. किटातल्या अमेरिकन कार्डांवर टाकळा नव्हता हे सांगायला नको. मग मीच घरी दहा झाडांचे फोटो छापून, मराठी नावं लिहून, लॅमिनेट करून आणली, नौपाड्यात पंधरा रुपयाला एक. त्यात पाच तणं आणि पाच तणासारखी दिसणारी पण तण नसलेली. ही दुसरी पाच ठेवाच, नाहीतर पोरं दिसेल ते उपटतात.

परवा दिवाळी झाल्यावर काकांच्या दुकानात परत गेले, मोजे आणखी चार जोड्या घ्यायला. फोनवर भुंगेऱ्याचा फोटो दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ बघितला, म्हणाले, "आमच्या मुरबाडच्या बांधावर हे गवत लय झालंय. किलोवर मिळतात का हो हे?" म्हटलं काका, किलोवर नाही, पुढच्या पावसाळ्यात तुमच्याकडच्या कृषी खात्यातल्या माणसाला विचारा, किंवा आधी तुमच्याच बांधावर नीट बघा, असतीलही. "मग आत्ताच बघतो की रविवारी." आत्ता नाही काका, आत्ता ते मातीत झोपलेत. काकांनी मोज्यांचं बिल करता करता भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून बघितली, त्यात जुलै मागे गेलेला. "नवीन कॅलेंडर आलं की खूण करून ठेवतो," म्हणाले, आणि दहा रुपये कमी घेतले.